सगळंच 'कोड' नसतं: संकेत, सायफर, खूण आणि किल्ली

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मावसभावंडं आजोळी जमलो की मोठ्यांसमोर च ची भाषा सुरू व्हायची. "चाडूल चुठेक चेवलेतठ?" म्हणजे लाडू कुठे ठेवलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं, त्याच्या जागी च बसवायचा, आणि काना-मात्रा-वेलांटी असेल ती होती तिथेच राहू द्यायची. लाडूचं चाडूल, कुठेचं चुठेक. गावागणिक थोडा फरक असतो पण मूळ खेळ हाच. आम्हाला वाटायचं की घरात कुणालाच काही कळत नाहीये, आणि एक दिवस आजी विळीवरची नजरसुद्धा न उचलता म्हणाली, "चडताळातफ." फडताळात. तिने तिच्या लहानपणी हीच भाषा बोलून तिच्या आजीपासून लाडू लपवले होते.

हा किस्सा मी मुद्दाम आधी सांगितला कारण गुप्त भाषांच्या बाबतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यात आहे. आमची भाषा पूर्णपणे नियमावर उभी होती, नियम कळला की संपलं, वेगळी अशी किल्ली काही नव्हतीच. हे पुढे परत येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

आता शब्दांकडे येऊ. आपण रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच कोड म्हणतो. पिनकोड, क्यूआर कोड, बँकेचा आयएफएससी कोड, "ओटीपी कोड आला का", "त्यांचं काहीतरी कोडवर्डमध्ये चाललंय", आणि वर व्हॉट्सॲपचा सिक्युरिटी कोड. एकच शब्द आणि त्याखाली चार-पाच अगदी वेगळ्या गोष्टी. त्यातल्या काही लपवण्यासाठी असतात, काही मुळीच नसतात, काही तर जितक्या जास्त लोकांना कळतील तितक्या चांगल्या. ही गल्लत फक्त शब्दांपुरती असती तर मी एवढं लिहायला बसले नसते, पण आपण कुठे सुरक्षित आहोत आणि कुठे नाही हे याच्यावरून ठरतं, म्हणून एकेक करून बघू.

पहिला शब्द कोड. याला मराठीत फार सुंदर शब्द आहे, संकेत. संकेत म्हणजे आधी ठरवलेली गोष्ट. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमी जिवांनी भेटायची ठरवलेली जागा, आज आपण वेबसाइटला संकेतस्थळ म्हणतो, पण "आधी ठरलेलं" हा अर्थ दोन्हीकडे आहे. कोडमध्ये एका अख्ख्या अर्थाच्या जागी दुसरं काहीतरी येतं, एक शब्द, एक आकडा, एक हातवारा. तुम्ही आणि मी आधी ठरवलं की "मामा आले" म्हणजे "पैसे मिळाले", तर जगातला कितीही हुशार माणूस नुसत्या "मामा आले" या दोन शब्दांवरून ते काढू शकत नाही, कारण त्या शब्दांत काही दडलेलंच नाहीये, अर्थ आपल्या दोघांच्या ठरवण्यात आहे.

पण कोड म्हणजे गुप्तच असं नाही. पिनकोड घ्या. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे सहा आकडी पिनकोड सुरू झाला आणि तो ज्यांनी आखला ते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस, आणि संस्कृतमधले कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, यातून पत्र नीट पोचावं म्हणून त्यांनी देशाचे आठ विभाग केले आणि नववा सैन्याच्या टपालासाठी ठेवला. पहिला आकडा ४ दिसला की पत्र आपल्या बाजूचं, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, आणि ४०३ दिसलं की थेट गोवा. यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. हा कोड आहे, पण तो सोयीसाठी आहे.

तारेचंही तसंच. तार ज्यांनी पाहिली ती पिढी आता पन्नाशीच्या पुढे गेली, आपली तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंदच झाली. तारेत शब्दाला पैसे पडायचे. त्यामुळे दिवाळी, लग्न, परीक्षेतलं यश अशा नेहमीच्या शुभेच्छांची वाक्यं आधीच ठरवून त्यांना नंबर दिलेले असायचे, आपण फक्त नंबर सांगायचा, तारेतून तेवढा नंबर जायचा आणि पलीकडचा तारबाबू त्या नंबराचं पूर्ण वाक्य लिहून पाकीट घरी पाठवायचा. लंडन-मुंबई समुद्राखालची तार १८७० मध्ये जोडली गेली तेव्हा तर एकेक शब्द फार महाग होता, म्हणून दूरदेशी व्यापार करणाऱ्या पेढ्या जाड जाड कोडबुकं वापरायच्या, त्यात एका शब्दाचा अर्थ "माल जहाजावर चढवला, भाव मागच्या पत्राप्रमाणे" एवढा लांबलचक असू शकायचा. ही कोडबुकं चक्क विकत मिळायची. म्हणजे गुप्तता नावापुरतीच, खरा हेतू पैसे वाचवणं.

आणि आता असा संकेत बघा ज्याचा हेतू लपवणं हाच आहे. गुरांच्या बाजारात किंवा फळांच्या घाऊक बाजारात रुमालाखालचा सौदा तुम्ही पाहिला असेल. दोन माणसं समोरासमोर उभी, हातावर रुमाल नाहीतर उपरणं टाकलेलं, आणि खाली बोटांनी भाव चाललेला. किती बोटं दाबली त्यावर आकडा. शंभरात चाललंय की हजारात हे बोलायला लागत नाही, दोघांनाही माल समोर दिसतोय, तेवढा अंदाज धंद्यातल्या माणसाला असतोच. चेहरा कोरा. मान हलली की सौदा झाला, आणि अर्ध्या फुटावर उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळलेला नसतो. बाजार समित्यांमध्ये याला हत्ता पद्धत म्हणतात. बोटांच्या भाषेला जुना शब्द करपल्लवी, डोळ्यांच्या भाषेला नेत्रपल्लवी. मला हे फार हुशारीचं वाटतं, आणि तितकंच खटकतंही, कारण अनेकदा ज्याने वर्षभर बाग राखली त्या शेतकऱ्यालाच आपल्या पेटीचा भाव त्या रुमालाखाली काय ठरला ते कळत नाही. उघड लिलाव हवा ही मागणी त्यातूनच वर्षानुवर्षं होत आलीये. संकेत कुणापासून लपवायचा हा प्रश्न तांत्रिक नसतो, तो सत्तेचा असतो.

रुमाल तर आणखी एक गोष्ट दाखवतो. बोटांचा संकेत बाजारातल्या प्रत्येकाला माहीत आहे. लपवलाय तो संकेत नाही, हात लपवलाय. संदेशावर काही प्रक्रिया न करता तो दिसूच द्यायचा नाही, या प्रकाराला स्टेगनोग्राफी म्हणतात, म्हणजे दडवून लिहिणं. लिंबाच्या रसाने कोऱ्या कागदावर लिहायचं आणि गरम इस्त्री फिरवली की तपकिरी अक्षरं उमटतात, हा शाळेतला प्रयोग म्हणजे तेच. यातला धोका उघड आहे, सापडलं की सगळंच सापडलं.

आता सायफर. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात.

कोड अर्थावर काम करतो, सायफर अक्षरांवर. सायफरला तुम्ही काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नाही, लाडू असो की लढाई, तो प्रत्येक अक्षराला नियमाप्रमाणे बदलत जातो. त्यामुळे आधी न ठरवलेली गोष्टही सायफरने पाठवता येते, कोडमध्ये ती सोय नाही, कोडबुकात "लाडू" नसेल तर लाडूबद्दल बोलताच येणार नाही. आमची च ची भाषा म्हणूनच कोड नव्हती, सायफरच्या जातीची होती.

आपल्याकडचं याचं एक फार जुनं उदाहरण आहे आणि ते मला इतकं आवडतं की मी वहीत तक्ता करून ठेवलाय. कामसूत्रात ज्या चौसष्ट कला सांगितल्यात त्यात म्लेच्छितविकल्प नावाची एक कला आहे, बोलणं किंवा लिहिणं मुद्दाम अनोळखी करून टाकायची. त्यावरच्या जयमंगला टीकेत यशोधराने याच्या पद्धती दिल्यात आणि त्यातली एक मूलदेवीय. अक्षरांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतल्या जोडीत अदलाबदल करायची. अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, त आणि प, ञ आणि ण, न आणि म, र आणि ष, ल आणि स, य आणि श. उरलेली अक्षरं तशीच.

करून बघा, पेन घ्या खरंच. "नगर" लिहा. नच्या जागी म, गच्या जागी ख, रच्या जागी ष, झालं "मखष". कुणाला काही पत्ता लागणार नाही. पण मराठी शब्द घालून बघताना मला काही जागी असं सापडलं की बाहेर येणारा शब्दही मराठीच निघतो. "पाच" लिहिलं की "ताट" येतं. "गूळ" लिहिलं की "खूळ". "मान"चं "नाम", "नीट"चं "मीच", "लस"चं "सल", आणि "खत"चं चक्क "गप". एका पावसाळी दुपारी मी हे शब्द शोधत बसले होते आणि वेळेचं भान राहिलं नाही. त्यात अजून एक गंमत बघा, "ताट" परत त्याच तक्त्यातून काढलं की "पाच" मिळतं, म्हणजे कुलूप लावायला आणि उघडायला एकच तक्ता, वेगळं काही पाठ करायला नको.

इथे आता चार शब्द पक्के करून घेऊ. "पाच" हा मूळ मजकूर. "ताट" हा गूढ मजकूर. अदलाबदल करायची ही रीत म्हणजे पद्धत. आणि कुठलं अक्षर कुठल्याशी जोडलंय तो तक्ता म्हणजे किल्ली, सगळे की म्हणतात. मूळचं गूढ करणं म्हणजे एन्क्रिप्शन, किल्ली हातात असताना परत उलगडणं म्हणजे डिक्रिप्शन. आणि किल्ली नसताना फोडणं हे वेगळंच काम, त्याला उलगडणं म्हणायचं नाही, ते कुलूप तोडणं आहे.

रोमचा ज्युलियस सीझर अक्षरं तीन घरं पुढे सरकवून लिहायचा. तिथे पद्धत "सरकवणं" आणि किल्ली "तीन". इंग्रजीत २६ अक्षरं, म्हणजे शून्य सोडून २५ किल्ल्या, एका संध्याकाळी सगळ्या लावून बघता येतील. मग वाटतं की किल्ल्यांची संख्या वाढवली की झालं. आपल्या ३४ व्यंजनांची मनाला येईल तशी अदलाबदल करायची ठरवली तर जितके तक्ते बनतील त्यांची संख्या ३९ आकडी होते. एकेक लावून बघायचा म्हटलं तर जन्म पुरणार नाहीत. आणि तरी हे सायफर दोन कप चहा होईपर्यंत फुटतं.

ते कसं, तर नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे विद्वान होते, त्यांनी लिहून ठेवलं की प्रत्येक भाषेत काही अक्षरं सारखी येतात आणि काही क्वचित. गूढ मजकुरातली अक्षरं मोजा, सगळ्यात जास्त येणारी खूण म्हणजे बहुधा त्या भाषेतलं सगळ्यात जास्त येणारं अक्षर. मराठीत घ्या, "र" आणि "त" सारखे भेटतात, "ङ" शोधून सापडत नाही. वाक्याच्या शेवटी दोन अक्षरी शब्द वारंवार येतोय, तो "आहे" असण्याची शक्यता किती आहे ते सांगायला नकोच. मूलदेवीयमध्ये तर काना-मात्रा बदलतच नाहीत, त्यामुळे शब्दाचा सांगाडा तसाच्या तसा समोर उभा असतो, फक्त कपडे बदललेले. एक अक्षर सापडलं की शेजारचं सापडतं, शब्दकोडं सुटतं तसंच. याला वारंवारतेवरून फोडणं म्हणतात आणि हजार-बाराशे वर्षं झाली तरी हे तत्त्व जुनं झालेलं नाही.

आता जी गोष्ट सांगायला माझा जीव तुटतो ती. महानुभाव पंथ. चक्रधरस्वामी तेराव्या शतकातले, त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या तो लीळाचरित्र, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. लोकांच्या तोंडची मराठी, बाजारातली, स्वयंपाकघरातली, वाटेवरची, सातशे वर्षांपूर्वी माणसं कशी बोलायची ते जसंच्या तसं. आणि पंथाने पुढे हे सगळं धन सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवलं. सकळ लिपी सगळ्यात प्रसिद्ध, शिवाय सुंदरी, अंक, शून्य, वज्र, सुभद्रा अशा कितीतरी. भाषा मराठीच, पण नागरी अक्षरांच्या जागी दुसऱ्या खुणा, म्हणजे आत्ता आपण बघितलं तसंच अदलाबदलीचं सायफर. पवित्र ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत ही भावना त्यामागे होती.

पंथ पंजाबपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पोचला, तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणत, आणि पोथ्याही तिकडे गेल्या. किल्ली महंतांकडून शिष्यांकडे जात राहिली, ग्रंथ टिकले, हे त्या लिपीचं यश. पण बाकीच्या महाराष्ट्राला शतकानुशतकं आपल्या भाषेचा हा ठेवा वाचताच आला नाही, लीळाचरित्र असं काही आहे हेही कित्येकांना ठाऊक नव्हतं, आणि जे वाचता येत नाही त्याच्याबद्दल लोक काहीही समज करून घेतात, तसे गैरसमज पंथाच्या वाट्याला भरपूर आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ही दारं उघडली आणि मराठी साहित्याचा इतिहास नव्याने लिहायला लागला. सायफरमध्ये कुणाला काय मिळतं आणि कुणाचं काय जातं, हे मला यापेक्षा मोठ्या उदाहरणावरून सांगता येणार नाही.

इथे हमखास कुणीतरी मोडीचं नाव काढतं. मोडी गुप्त लिपी नाही. ती हात न उचलता भराभर लिहायची लपेटीची लिपी आहे, दफ्तरं, हिशेब, पत्रव्यवहार सगळं मोडीत चालायचं आणि ते लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना त्यात लपवाछपवी काहीच वाटत नव्हती. आपण शिकणं सोडलं म्हणून ती आज आपल्याला सायफरसारखी दिसते. कोट्यवधी मोडी कागद वाचणाऱ्या माणसांची वाट बघत पडलेत, वर्ग चालतात, शक्य असेल तर शिका.

च ची भाषा, सकळ लिपी, मूलदेवीय, या सगळ्यांत पद्धत आणि किल्ली एकमेकांत मिसळलेल्या आहेत. पद्धत कळली की किल्ली कळल्यातच जमा, आजीचं तेच झालं. १८८३ मध्ये ऑगुस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करी संदेशांबद्दल लिहिताना एक गोष्ट ठासून सांगितली, ती आजही या विषयातला पहिला धडा आहे. पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी चाललं पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. विचार करा, कुलूप आतून कसं बनतं ते प्रत्येक कुलूपवाल्याला माहीत असतं, म्हणून काही तो आपल्या घरात शिरू शकत नाही. म्हणूनच "आमची पद्धत इतकी गुप्त आहे की आम्ही ती कुणाला दाखवतच नाही" असं कुठलंही ॲप सांगायला लागलं की मी त्याच्यापासून चार हात लांब राहते.

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं एनिग्मा यंत्र याच विचाराचं, यंत्र सापडलं तरी रोज बदलणारी किल्ली सापडत नाही असा त्यांचा हिशोब. पोलंडचा गणितज्ञ मारियान रेयेव्स्की याने १९३२ मध्ये गणिताने त्याची आतली रचना काढली आणि पुढे इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला, म्हणजे सायफर फोडणाऱ्यांच्या तिथल्या गुप्त केंद्रात, गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आणि बाकीच्यांनी ते काम मोठं केलं. त्यात एक धागा असा आहे जो बघून मला मूलदेवीय आठवतं. एनिग्मातही जोडीतली अदलाबदल होती, "अ"चं "क" झालं तर त्याच क्षणी "क"चं "अ" होणारच, म्हणजे कुलूप लावायला आणि उघडायला एकच यंत्र. सोय मोठी, पण यंत्राची जडणघडण अशी की त्यापायी कुठलंही अक्षर स्वतःच स्वतःच्या जागी येऊ शकत नव्हतं. फोडणाऱ्यांना एवढी फट पुरली. हवामानाच्या अहवालात अमुक शब्द असणारच असा अंदाज धरायचा, तो गूढ मजकुराखाली सरकवत न्यायचा, जिथे एक जरी अक्षर त्याच अक्षरावर पडलं ती जागा बाद. अशा जागा बाद करत करत खरी जागा हाती लागायची.

न फुटणारं सायफर आहे का? आहे. किल्ली मजकुराइतकीच लांब, पूर्णपणे स्वैर, आणि एकदा वापरली की फाडून टाकायची. याला वन टाइम पॅड म्हणतात आणि ते फुटत नाही हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने गणिताने सिद्ध केलंय. अडचण एवढीच की तेवढ्या किल्ल्या समोरच्यापर्यंत आधी पोचवायच्या कशा, आणि एकदा वापरलेलं पान परत वापरायचा मोह आवरायचा कसा. सोव्हिएत संघाकडून काही पानं दुसऱ्यांदा वापरली गेली आणि अमेरिकेने त्यातले संदेश वाचले.

सिग्नल, म्हणजे खूण किंवा इशारा, हा शब्द मधेच राहिला. कोकणातल्या बातम्यांत आपण दर पावसाळ्यात ऐकतो, "बंदरात तीन नंबरचा बावटा लावला." मच्छीमाराला त्यापुढे काही सांगायला लागत नाही. आपल्या बंदरांवरचे हे इशारे एक ते अकरापर्यंत आहेत, साधारणपणे आकडा चढला की धोका चढला. हा कोड आहेच, आकड्यामागे ठरलेला अर्थ आहे, पण त्यात लपवायचं काही नाही, एक जरी होडीवाला अर्थ न कळता समुद्रात गेला तर तो इशारा फुकट गेला. रेल्वेरुळांच्या कडेचा पिवळा "सी/फा" बोर्ड तसाच, पुढे फाटक आहे, सीटी वाजवा. मुंबईच्या लोकलवरचे स्लोचा एस आणि फास्टचा एफ तसेच. तारेतून मजकूर पाठवायच्या मोर्सच्या ठिपके-रेघाही तशाच, त्या कुणालाही शिकता येतात, त्यात गुप्त काही नाही, आणि तीन ठिपके तीन रेघा तीन ठिपके हा एसओएस कुठल्याही शब्दांचं छोटं रूप नाही, गोंगाटातही चटकन ओळखू यावा म्हणून निवडलेला तो ठेका आहे.

खुणेची खरी ताकद बघायची तर १६६० ची पावनखिंड. महाराज विशाळगडावर पोचल्याची खूण म्हणजे तोफांचे बार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. किती थोडा मजकूर आहे बघा. आवाज आला किंवा नाही आला, बास. तो सिद्दीच्या फौजेलाही ऐकू जाणार, जाऊ दे की. सगळा अर्थ आधी ठरवून ठेवलेला, म्हणून हवेतून फक्त एक धडाका पाठवला तरी पुरला.

आता हे सगळं घेऊन हातातल्या मोबाइलकडे बघा.

क्यूआर कोड म्हणजे मजकुराला कॅमेऱ्याला वाचता येईल असं रूप दिलंय, मोर्ससारखंच. याला एन्कोडिंग म्हणायचं, एन्क्रिप्शन नाही. कुठल्याही फोनने तो वाचता येतो, त्यामुळे त्यात दिसत नाही म्हणून काही सुरक्षित आहे असं समजू नका. ओटीपी हा ना कोड ना सायफर, तो परवलीचा शब्द आहे, गडाच्या दारावर पहारेकरी विचारायचा तसा. परवलीचा शब्द ज्याने सांगितला त्याच्यासाठी दार उघडतं, सांगणारा कोण हे दाराला कळत नाही. म्हणून तो फोनवर कुणालाही वाचून दाखवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी.

आणि व्हॉट्सॲप, जिथे खरं सायफर आहे. २०१६ पासून तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मजकूर तुमच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि थेट समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो, मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. पण मग प्रश्न येतो, आपण कधी न भेटलेल्या माणसाला किल्ली दिली कशी? हाच प्रश्न हजारो वर्षं सगळ्यांना अडवत होता. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकी संशोधकांनी त्यावर रस्ता दाखवला आणि १९७७ मध्ये आरएसए पद्धत आली. कल्पना करा की दाबलं की बंद होणारी कुलपं मी उघड्या अवस्थेत गावभर वाटली. कुणालाही मला काही पाठवायचं असेल तर पेटीत घालायचं आणि माझं कुलूप दाबून बंद करायचं. बंद कुणीही करू शकतं, उघडू फक्त मीच शकते, कारण किल्ली माझ्या घरातून कधी बाहेर गेलीच नाही. वाटलेलं कुलूप म्हणजे पब्लिक की, घरातली ती प्रायव्हेट की. व्हॉट्सॲपमधलं आतलं गणित याहून गुंतागुंतीचं आहे पण पाया हा.

हे काय लपवत नाही तेही सांगते. तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोललात हे त्या कुलपाच्या आत नसतं, पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो तसंच ते. समोरच्याने स्क्रीनशॉट काढला तर सायफरचा काही संबंध उरत नाही. आणि एक फट शिल्लक राहते, गावभर वाटलेलं ते उघडं कुलूप माझंच आहे कशावरून? मधेच कुणी स्वतःचं कुलूप माझं म्हणून दिलं तर?

त्यासाठीच तो सिक्युरिटी कोड आहे, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. चॅटमध्ये वर नावावर टॅप करा, एन्क्रिप्शन लिहिलेलं दिसेल, तिथे ६० आकडे असतात, पाच-पाचचे बारा गट. नाव कोड असलं तरी तो कोड नाही, सायफर नाही आणि पासवर्डही नाही. तुमच्या आणि समोरच्याच्या किल्ल्यांवरून काढलेला तो ठसा आहे, दोन्ही फोनवर सारखाच दिसला पाहिजे. समोरच्याने फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं की ठसा बदलतो.

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या चॅटमध्ये सिक्युरिटी कोड बदलल्याची ओळ आली, तीच जी माझ्याबरोबर लाडू शोधायची. तिने नवीन फोन घेतला असणार हे मला माहीत होतं, तरी मी तिला साध्या फोनवर कॉल केला, व्हॉट्सॲपवर नाही, कारण ज्या दाराबद्दल शंका आहे त्याच दारातून खात्री करायची नसते. सहा गट तिने वाचले, सहा मी वाचले. आवाज ओळखीचा, बाराही गट जुळले, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.